वेब ॲप्लिकेशनचा पेपर लेखी कशासाठी?

‘गेट आणि पोस्ट या पद्धतींतील फरक स्पष्ट करा. (५ गुण)’ वेब प्रोग्रॅमिंगच्या लेखी पेपरात हा प्रश्न या ना त्या रूपात हमखास येतो. ब्राउझरने सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाला, विनंती पाठवण्याच्या या दोन रीती. उत्तर गाइडमध्ये तयार असते. गेटमध्ये माहिती पत्त्याच्या ओळीत दिसते, पोस्टमध्ये दिसत नाही. गेटला लांबीची मर्यादा पडते. गेटचे पान बुकमार्क करता येते. मुद्दे लिहिले, गुण पडले. मग तोच विद्यार्थी मिनी प्रोजेक्टमध्ये नोंद पुसण्यासाठी साधी लिंक ठेवतो, म्हणजे गेटच वापरतो. गेटने सर्व्हरवरचे काहीही बदलायचे नसते, हा खरा मुद्दा त्याच्या उत्तरात आलेलाच नसतो. गेटची विनंती ब्राउझर, सर्च इंजिन, लिंक तपासणारे अँटिव्हायरस, कुणीही माणसाला न विचारता पाठवू शकते. २००५ साली गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचे साधन आणले. पाने लवकर उघडावीत म्हणून ते समोरच्या पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवी. ज्या ॲप्लिकेशनांत ‘डिलीट’ ही साधी लिंक होती, तिथे लोकांच्या नोंदी आपोआप पुसल्या जाऊ लागल्या.

पदवीच्या वर्गात या विषयाचे जे काही बिघडते ते परीक्षेपासून बिघडते. म्हणून या लेखाची मागणी सरळ आहे: वेब ॲप्लिकेशन तयार करण्याच्या विषयाची लेखी परीक्षा बंद करावी. विद्यार्थ्यांनी उभे केलेले, सर्व्हरवर चालणारे आणि दुसऱ्या माणसांनी वापरलेले एक ॲप्लिकेशन, आणि परीक्षकाच्या देखत त्यात करून दाखवलेला बदल, यांवरच गुण द्यावेत. परीक्षा बदलली की शिकवणे बदलावेच लागते. नुसता अभ्यासक्रम बदलून काय होते ते दर चार-पाच वर्षांनी आपण पाहतोच. जर्नलचे मुखपृष्ठ नवे येते.

आजच्या प्रॅक्टिकलची यादी पाहा. एचटीएमएलचा तक्ता, सीएसएसचा मेनू, जावास्क्रिप्टचा कॅल्क्युलेटर, फॉर्म व्हॅलिडेशन, सेशन, डेटाबेस जोडणी. दहा-बारा प्रोग्रॅम, प्रत्येकाचे प्रिंटआउट, त्यावर सही. सही झाली की त्या प्रोग्रॅमकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्यामुळे तो वाईट लिहिल्याचा त्रासही कुणाला होत नाही. सत्राच्या अखेरीस उरलेल्या दोन आठवड्यांत मिनी प्रोजेक्ट उरकायचा. चौघांचा गट, त्यातला एक कोड लिहितो, एक रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून आणतो. विषय ग्रंथालय, रुग्णालय किंवा हॉटेल बुकिंग. झॅम्पवर लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच संगणकावर चालवलेला सर्व्हर, डेटाबेसचा वापरकर्ता सगळे अधिकार असलेला ‘रूट’, पासवर्ड कोरा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात, लॉगिन करून पाहतात, डेटाबेसमधले नॉर्मलायझेशन म्हणजे काय ते विचारतात आणि पुढच्या गटाला बोलावतात.

यावर अभ्यासमंडळांत वाद होतो तो प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीने एएसपी डॉट नेट घेतले, तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाने पीएचपी घेतली, आता सगळ्यांना ‘फुल स्टॅक’, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडचे काम, हवे आहे. हा वाद संपणारा नाही. वेब ॲप्लिकेशन लिहिण्याच्या साधनांच्या तारखा पाहा: पीएचपी १९९५ ची, रेल्स २००४ ची, जँगो २००५ ची, नोड २००९ ची, रिॲक्ट २०१३ ची. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसची पुढची आवृत्ती २०१६ मध्ये आली ती जुन्याशी न जुळणारी, आणि २०२१ अखेर मूळ अँग्युलरजेएसचा आधारच काढून घेतला गेला. याउलट ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांचा, एचटीटीपी १.१ चा, पहिला दस्तऐवज १९९७ चा. गेट, पोस्ट आणि सर्व्हरच्या उत्तरांचे आकडे, २०० (ठीक), ४०३ (मनाई), ४०४ (सापडले नाही), यांचे अर्थ तिथे आहेत तेच आज आहेत. २०१५ ची दुसरी आणि २०२२ ची तिसरी आवृत्ती आली ती माहिती वाहून नेण्याची रीत बदलायला. अर्थांना त्यांनी हात लावला नाही. पदवीच्या तीन-चार वर्षांत काय शिकवावे, याचे उत्तर या तारखांतच आहे.

विषय दोन क्रेडिट थिअरी आणि दोन क्रेडिट प्रॅक्टिकलचा धरू. थिअरीच्या क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३० तास या हिशेबाने १५ आठवड्यांत ३० तास वर्ग आणि ६० तास प्रयोगशाळा मिळते. तिघांच्या गटाला एक ॲप्लिकेशन पुरे करून चालवायला हा वेळ पुरतो. अट एवढीच की ते पहिल्या आठवड्यात सुरू व्हावे, आणि विषय लहान असावा.

उदाहरणासाठी वसतिगृहाच्या मेसचे खाडे घेऊ. गावी जाणाऱ्याने आदल्या रात्री ८ पर्यंत खाडा कळवायचा, मेसवाल्याला उद्याची ताटे कळायला हवीत आणि महिनाअखेरीस बिलातून खाड्याचे पैसे वजा व्हायला हवेत. हे काम सहसा एका वहीवर चालते आणि बिलाच्या दिवशी वाद होतात. विद्यार्थी, मेस चालक आणि रेक्टर या तीन भूमिका, चार-पाच टेबले, सात-आठ पाने. रुग्णालय व्यवस्थापनाच्या पंचवीस पोकळ पानांपेक्षा हा विषय कठीण आहे, कारण इथे चूक झाली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाब विचारायला येते.

पहिले पाच आठवडे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट नको. सर्व्हरवर साधी पीएचपी किंवा पायथनचे फ्लास्क, डेटाबेस एका फाइलीत मावणारा एसक्यूलाइट, फॉर्म एचटीएमएलचा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब सतत उघडा ठेवायचा आणि प्रत्येक क्लिकला कोणती विनंती गेली, काय उत्तर आले ते वाचायचे. खाड्याचा फॉर्म पाठवल्यावर सर्व्हरने थेट ‘नोंद झाली’ असे पान दिले आणि विद्यार्थ्याने रिफ्रेश केले, तर तोच फॉर्म पुन्हा जातो आणि एका दिवसाचे दोन खाडे पडतात. म्हणून नोंद झाल्यावर ३०३ देऊन ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे पाठवायचे. पण नेट हळू असताना कुणी बटण दोनदा दाबले तर ३०३ चा उपयोग नाही. तिथे डेटाबेसमध्येच विद्यार्थी, तारीख आणि जेवणाची वेळ या तिन्हींवर मिळून युनिक बंधन, म्हणजे तीच नोंद पुन्हा येऊ न देणारा नियम, लागते. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असे कोडमध्ये लिहून भागत नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी शोधतात, दोघींनाही काही सापडत नाही, आणि दोघीही नोंद घालून मोकळ्या होतात. ट्रॅन्झॅक्शनची (डेटाबेसमधली एकत्रच पुरी किंवा एकत्रच रद्द होणारी कामे) व्याख्या चार वेळा लिहूनही जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका दुपारी कळते.

तारखेचा घोळ तर आपल्या वेळेतच दडलेला आहे. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. १५ तारीख सुरू होते ती आपली मध्यरात्र जावास्क्रिप्टने आयएसओ या प्रमाण स्वरूपाच्या मजकुरात बदलली की तिचे १४ तारखेचे संध्याकाळचे ६.३० होतात. त्यातून तारखेचा तुकडा कापून साठवला तर खाडा एक दिवस आधी सरकतो: माणूस १५ ला गावी, ताट १४ ला कमी. खाड्याचा दिवस ही नुसती तारीख आहे, ती तारीख म्हणूनच साठवायची. खाडा कधी कळवला हा मात्र क्षण आहे. तो यूटीसीत ठेवायचा आणि दाखवताना भारतीय वेळेत दाखवायचा. रात्री ८ ची मुदत सर्व्हरवर तपासायची, कारण फोनचे घड्याळ मागे सारायला कुणाला शिकवावे लागत नाही. दराचेही तसेच. ताटाचा दर एकाच रकान्यात ठेवला, तर जानेवारीत तो ६० वरून ६५ केला त्या दिवशी ऑगस्टची बिलेही बदलतात. दराच्या टेबलात ‘लागू दिनांक’ असावा, आणि रक्कम दशांशात न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

मराठी मजकूर हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पाठ्यपुस्तके बाहेरची, उदाहरणांतली नावे ‘जॉन’ आणि ‘स्मिथ’, त्यामुळे आपल्या मुलांना स्वतःचेच नाव साठवताना काय होते ते शिकायला मिळत नाही. देवनागरीचे प्रत्येक कोडचिन्ह (अक्षर, काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी) युटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे, युनिकोडच्या हिशेबाने १० चिन्हांचे, साठवणीत ३० बाइटचे. कुठे २० बाइटची मर्यादा लागली तर नाव मधेच तुटते आणि शेवटी एक चौकोन उरतो. मायएसक्यूएलचा मुळातला वर्णसंच २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१, म्हणजे रोमन लिपीपुरता, होता. जुन्या सर्व्हरवर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते ती बहुधा त्यामुळे. त्याच डेटाबेसमधला ‘युटीएफ८’ नावाचा जुना संच चिन्हामागे ३ बाइटच देतो, म्हणजे मराठी मावते पण इमोजी अडते. त्यासाठी ‘युटीएफ८एमबी४’ निवडावा लागतो.

शोध हा याहून अवघड. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव तीन प्रकारे टंकले जाऊ शकते: एकसंध ‘ऱ’ आणि हलन्त; ‘र’, नुक्ता आणि हलन्त; किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, डेटाबेसला तिन्ही वेगळी. पहिली दोन रूपे युनिकोड नॉर्मलायझेशनने (समान रूपे एकाच रूपात आणण्याच्या क्रियेने) एक होतात, तिसरे होत नाही. ‘ॲ’चेही असेच आहे. तो स्वतंत्र अक्षर म्हणून येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही येतो, आणि इथे नॉर्मलायझेशन काहीच मदत करत नाही. साठवण्याआधी ही रूपे स्वतः बदलून घेणारे एक लहान फंक्शन लिहावे लागते. क्रमवारी कोडांकांनुसार लावली तर ‘ळ’ची नावे ‘ल’च्या मागोमाग येतात, आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर आहे. आणि मराठी कीबोर्डवरून खोली क्रमांक ‘१२’ असा देवनागरी अंकांत आला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानायला तयार नाही, पायथन मात्र तो बारा म्हणून निमूट घेते. एकच फॉर्म, दोन बाजूंना दोन न्याय. थिअरीच्या तासांपैकी दोन तास यावर खर्च झाले तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठाने हा विषय शिकवण्याला काही अर्थ आहे असे म्हणता येईल.

सुरक्षेचा धडा आज शेवटच्या युनिटमध्ये असतो, म्हणजे बहुतेक वेळा होतच नाही. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसची आज्ञा घुसवणे, निदान पेपरात विचारले जाते. पण ‘ओवॅस्प’ संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत २०१७ साली पहिल्या क्रमांकावर असलेले इंजेक्शन २०२१ मध्ये तिसरे झाले, आणि हक्क न तपासणे हा दोष पहिला आला. मेसच्या ॲप्लिकेशनमध्ये तो कसा दिसतो? आपले बिल ४१ क्रमांकाच्या पत्त्यावर आहे. पत्त्यात ४२ केले की शेजाऱ्याचे बिल उघडते. लॉगिन आहे, सेशन आहे, पासवर्ड भक्कम आहे, तरीही उघडते. कारण ‘तू कोण’ हे विचारले, ‘हे बिल तुझे आहे का’ हे विचारलेच नाही. बटण लपवणे म्हणजे हक्क तपासणे, असा समज वर्गात सर्रास आढळतो. तो घालवायला एक प्रयोग पुरतो: दोन ब्राउझरांत दोन वेगळे विद्यार्थी लॉगिन करायचे आणि एकाचे पत्ते दुसऱ्यात चिकटवत सुटायचे. जिथे ४०३ किंवा ४०४ यायला हवे तिथे पान उघडले तर ते सुधारायचे. पासवर्ड लपवून साठवायला अजूनही काही नोट्समध्ये एमडी५ हा जुना, सहज फुटणारा प्रकार दिसतो. तो काढून बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ वापरायला लावावे. जाता जाता: बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट पाहते, म्हणजे देवनागरीतल्या पासवर्डची २४ चिन्हे. त्यापुढे काहीही लिहिले तरी दार उघडते.

सर्व्हरवर चढवण्याचे काम आठव्या आठवड्यात झाले पाहिजे, तेव्हा ॲप्लिकेशन अर्धवट असले तरी. शेवटी ठेवले की ते होत नाही. २० गटांच्या असल्या लहान ॲप्लिकेशनांना मिळून ४ जीबी रॅमचा एक लिनक्स सर्व्हर पुरतो. प्रत्येक गटाला वेगळा वापरकर्ता, वेगळा पोर्ट (सर्व्हरवरचा दार-क्रमांक) आणि पुढे विनंत्या वाटून देणाऱ्या एनजिनएक्सकडून मिळालेला वेगळा वेबपत्ता. फुकटच्या सेवांवर अभ्यासक्रम बांधू नये. ॲप्लिकेशन चालवून देणाऱ्या हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ ला मोफत योजना बंद केली तेव्हा तिच्या भरवशावरच्या कितीतरी शिकवण्या एका दिवसात निकामी झाल्या. आणि स्वतःचा सर्व्हर असला की चुका शिकण्याजोग्या होतात. टर्मिनलमधून चालवलेले ॲप्लिकेशन लॅपटॉप मिटताच बंद पडते, म्हणून ते सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्समध्ये कामे चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, स्वाधीन करावे लागते. एसक्यूलाइटची फाइल लिहिण्याजोगी असूनही ‘डेटाबेस फक्त वाचनासाठी’ असा निरोप येतो, कारण तिच्या फोल्डरवरही लिहिण्याची परवानगी लागते. चुका शोधताना वापरायचा डीबग मोड चालू राहिला तर चूक दाखवणाऱ्या पानावर आतला कोड बाहेरच्याला दिसतो, फ्लास्कमध्ये तर बाहेरच्याच्या हाती कोड चालवण्याची सोयही पडू शकते. लेट्स एन्क्रिप्टचे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे. कॅम्पसच्या फायरवॉलने पोर्ट ८० बंद ठेवले असेल तर नेहमीच्या पद्धतीने त्याचे नूतनीकरण होत नाही आणि ते सुट्टीत मरते.

प्रयोगशाळेतल्या संगणकांवर रिस्टार्ट करताच सगळे पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर असते. वीज गेली की दोन तासांचे काम जाते. गिट, म्हणजे कोडचा इतिहास जपणारे साधन, शिकवायला याहून चांगले कारण शोधून सापडणार नाही. पहिल्या दिवसापासून कमिट (बदलाची नोंद), दर तासाला पुश (ती नोंद सर्व्हरवर पाठवणे). त्यासाठी एसएसएच या सुरक्षित जोडणीचा पोर्ट बंद असेल तर एचटीटीपीएसवरून. हमखास होणारी चूक एकच: पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या साठ्यात, जाते, मग घाबरून ती पुढच्या कमिटमध्ये काढली जाते. इतिहासात ती तशीच असते. पासवर्ड बदलणे हाच उपाय.

नवव्या आठवड्यापासून ॲप्लिकेशन मेसवाल्याच्या हाती. त्या महिन्यात वही बंद करायची नाही. दोन्ही चालू ठेवून महिनाअखेर दोन्हींची बेरीज जुळवायची. मोठ्या संस्थांनाही हे सुचत नाही तेव्हा काय होते याचा दाखला घरचाच आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकाच सत्रात पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल कित्येक आठवडे रखडले, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही गेली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आले. जुने आणि नवे काही काळ शेजारी चालवणे, आधी एका शाखेवर निभावते का ते पाहणे, या गोष्टी कोणत्याही युनिटमध्ये नसतात.

वापर सुरू झाला की मागण्या येतात. सणाच्या जेवणाला पाहुण्यांची कुपने हवीत, पण ५० च. मेसवाल्याला फोनवर, भर उन्हात, एका हाताने आकडा दिसला पाहिजे. म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा, हे सुगम्यतेच्या नियमांत लिहिलेले प्रमाण तिथे पाठांतराशिवाय पटते. टेबलात नवा रकाना घालायचा तर आत तीनशे जणांच्या नोंदी आहेत. डेटाबेस पुसून नव्याने बनवण्याची लोकलहोस्टवरची सवय इथे चालत नाही, मायग्रेशन, म्हणजे नोंदी राखून टेबलाची रचना बदलणारा कोड, लिहावे लागते. दहाव्या आठवड्यात शिक्षकांनी प्रत्येक गटाचा डेटाबेस, आधी कळवून, एका प्रतीवर पुसावा आणि घड्याळ लावून बॅकअपमधून परत आणायला सांगावे. लिहिणे चालू असताना फाइल नुसती कॉपी केलेल्यांचा बॅकअप मोडका निघू शकतो. एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा त्यासाठीच आहे.

आता गुणांचे. १०० पैकी ३० चालू ॲप्लिकेशनला: ते महिनाभर चालले का, तक्रारी नोंदल्या आणि मिटवल्या का. ४० गुण बदलाला: परीक्षक तीन तास आधी चिठ्ठी देतात. ‘यापुढे रविवारी संध्याकाळी मेस बंद, त्या वेळेचा खाडा धरू नये, मागील बिले बदलू नयेत.’ प्रत्येक विद्यार्थी गिटमधल्या आपल्या शाखेवर, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीवर, एकट्याने हा बदल करतो. ज्यांनी बिलाचा नियम एका फंक्शनमध्ये ठेवला ते तासात मोकळे होतात, ज्यांनी तो पाच पानांत विखुरला ते तीन तास घाम गाळतात, आणि डिझाइन म्हणजे काय याचे उत्तर न लिहिताच मिळते. २० गुण दुसऱ्या गटाचा कोड वाचून समजावण्याला, १० हस्तांतराच्या टिपणाला. ६० विद्यार्थ्यांना २० मिनिटे धरली तर तोंडीचे २० तास होतात, दोन परीक्षकांत वाटून दहा-दहा. बदलासाठी २० च्या तीन बॅचेस. तीन दिवसांचे काम आहे. आज प्रॅक्टिकल परीक्षा आणि पेपर तपासणी मिळून याहून फार कमी वेळ जातो असे नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तयार कोड हा कशाचाच पुरावा राहिलेला नाही. ग्रंथालयाचा मिनी प्रोजेक्ट आता एका संध्याकाळी होतो, रिपोर्टसकट. बंदी घालून उपयोग नाही, आणि मोकळे सोडले तर पहिल्या पाच आठवड्यांत जे हाताने करून कळायचे ते कळत नाही. म्हणून पहिल्या पाच आठवड्यांत प्रयोगशाळेत ही साधने बंद, नंतर खुली, आणि परीक्षेतल्या बदलातही खुली असावीत. साधन कोड देईल; पण खाडा सलग तीन दिवसांचाच धरतात आणि परीक्षेच्या काळात धरतच नाहीत, हे नियम रेक्टरच्या टेबलावरच्या कागदात असतात. ते विचारून आणणे आणि साधनाने दिलेल्या कोडमध्ये हक्काची तपासणी कुठे सुटली ते ओळखणे विद्यार्थ्याकडेच राहते. त्याला ओळ दाखवून ‘ही काढली तर काय मोडेल’ एवढे विचारले तरी पुरे.

कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या रिॲक्ट, म्हणजे ब्राउझरमधले पान जावास्क्रिप्टने उभे करण्याचे साधन, विचारतात, हा आक्षेप खोटा नाही. बायोडेटात तो शब्द हवाच असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत खाड्याचे महिन्याचे कॅलेंडर तेवढे रिॲक्टमध्ये पुन्हा करावे. पान न बदलता तीस चौकोन हलवताना रिॲक्ट कशासाठी आहे ते उमजते, आणि त्यासाठी फोनवर किती केबी जादा उतरवावे लागतात तेही नेटवर्क टॅबमध्ये दिसते. सुरुवातच रिॲक्टने केलेल्यांना यातले काहीच दिसत नाही. त्यांच्या लेखी वेब म्हणजेच रिॲक्ट.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा: शेकडो संलग्न महाविद्यालये, गुणांची खैरात होईल, लेखी पेपर निदान सर्वांना सारखा. सारखा आहे, पण तो मोजतो काय? आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीत ‘मॉडर्न ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ दोन भागांत आहे. पहिल्यात फ्लास्क आणि एसक्यूलाइट, दुसऱ्यात व्ह्यू, रेडिस आणि सेलरी. तिथे लेखी परीक्षा ठेवली आहे हे खरे, पण दोन्हींसोबत प्रोजेक्ट हा वेगळा विषय आहे आणि त्याची तोंडी परीक्षा होते, हजारो विद्यार्थ्यांची. आपल्याकडे बदलाच्या चिठ्ठ्या विद्यापीठाने काढाव्यात, परीक्षक दुसऱ्या महाविद्यालयाचे असावेत आणि गिटचा इतिहास परीक्षेआधी गोठवावा. तीन महिन्यांचे कमिट एका रात्रीत पडलेले असतील तर ते तारखांवरून सहसा दिसते. तारखा खोट्याही करता येतात, पण सर्व्हरवरच्या रोजच्या नोंदींशी त्या जुळवणे जमत नाही.

खरी अडचण शिक्षकांची आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडून आठवड्याला २० गटांच्या सर्व्हरची देखभाल होणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे. त्यासाठी एका प्रयोगशाळा साहाय्यकाला या कामाचे तास द्यावे लागतील. आधीच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनाही मानधन देऊन जोडता येईल. नव्या शैक्षणिक धोरणातल्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या किंवा समाजसंपर्काच्या क्रेडिटमध्ये हे काम बसवायला अभ्यासमंडळांनी हरकत घेऊ नये. आज त्या क्रेडिटसाठी जी प्रमाणपत्रे गोळा होतात त्यांपेक्षा हे नक्कीच बरे.

पुढच्या तुकडीने कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नये. निम्म्या गटांना मागच्या वर्षीचे चालू ॲप्लिकेशन द्यावे आणि त्यातल्या शिल्लक तक्रारी त्यांच्या नावावर लिहाव्यात. नोकरीत पहिल्या दिवशी हेच होते. मात्र देताना खऱ्या नोंदी देऊ नयेत. नावे, फोन क्रमांक, कोण कधी गावी होते, ही सगळी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखाली येणारी माहिती आहे, आणि वसतिगृहात १८ वर्षांखालची मुलेही असतात. हस्तांतराच्या १० गुणांत म्हणून तीन कामे धरावीत: बनावट नोंदी भरणारी स्क्रिप्ट लिहिणे, जुन्या डेटाबेसच्या बॅकअपसह सगळ्या प्रती पुसणे आणि सर्व्हरचे पासवर्ड व किल्ल्या बदलणे. तिसरे काम नव्या गटाने करावे, जुन्याने नव्हे.